ब्लू बुक प्रकल्प

ब्लू बुक प्रकल्प : आकाशात दिसणाऱ्या व तत्काळ ओळख न पटणाऱ्या वस्तूंविषयीच्या वृत्तांची छाननी करण्यासाठी अमेरिकेच्या हवाई दलाने १९५२ ते १९६९ ह्या काळात चालविलेले अधिकृत अन्वेषणकार्य. ‘उडत्या तबकड्या’ ह्या नावाने लोकमानसात रुजलेल्या विषयासंबंधी शासकीय पातळीवर झालेल्या प्रयत्नांत हा प्रकल्प सर्वाधिक प्रसिद्ध आहे. त्याचे मुख्यालय ओहायओ राज्यातील डेटन शहरानजीकच्या राइट-पॅटर्सन हवाई तळावर होते. कॅप्टन एडवर्ड जे. रुपेल्ट (१७ जुलै १९२३–१५ सप्टेंबर १९६०) हा त्याचा पहिला प्रमुख. १९४७ पासूनच्या पूर्वीच्या दोन प्रकल्पांची कागदपत्रे जमेस धरता एकूण १२,६१८ वृत्तांची नोंद झाली आणि त्यांपैकी ७०१ वृत्ते अखेरपर्यंत ‘अनोळखी’ ह्या वर्गात राहिली. प्रकल्पाच्या इतिहासाचे महत्त्व मात्र ह्या आकड्यांपुरते मर्यादित नाही. प्रामाणिकपणे दिलेल्या, पण उपलब्ध ज्ञानाने उलगडा न होणाऱ्या साक्षीची वासलात शासनाने कशी लावावी, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

पार्श्वभूमी : २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड ह्या व्यापारी वैमानिकाला वॉशिंग्टन राज्यातील रेनियर पर्वतानजीक नऊ चकाकत्या वस्तू अतिशय वेगाने जाताना दिसल्या. त्याने काढलेला वेग ताशी १,९०० किमी.हून अधिक भरत होता. त्या काळच्या कोणत्याही ज्ञात विमानास तो साध्य नव्हता. पाण्यावरून बशी भिरकावल्यास ती जशी उसळ्या घेत जाते, तशी त्या वस्तूंची गती होती, असे त्याने सांगितले. वृत्तपत्रांनी गतीचे हे वर्णन आकाराला लावले आणि ‘उडत्या तबकड्या’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढील काही आठवड्यांत देशभरातून अशा शेकडो वार्ता येऊ लागल्या.

हवाई दलाला ह्या वार्तांची दखल घ्यावी लागली ती प्रामुख्याने संरक्षणाच्या दृष्टीने. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते व सोव्हिएट रशियाशी शीतयुद्धास प्रारंभ झाला होता. युद्धकाळात जर्मनीत विकसित झालेले विमानविद्येतील ज्ञान रशियाच्या हाती लागले असल्याने, ह्या वस्तू म्हणजे शत्रूची नवी विमाने तर नव्हेत ना, अशी शंका येणे स्वाभाविक होते. लेफ्टनंट जनरल नेथन ट्वायनिंग याने २३ सप्टेंबर १९४७ च्या टिपणात ह्या वृत्तांमागील गोष्ट वास्तव असून केवळ कल्पनेतील नाही, असे मत नोंदविले व पद्धतशीर अभ्यासाची शिफारस केली. तीनुसार जानेवारी १९४८ मध्ये ‘साइन’ प्रकल्प सुरू झाला.

त्याच महिन्यात, ७ जानेवारी रोजी, केंटकी राज्यात कॅप्टन टॉमस मँटेल हा वैमानिक आकाशातील एका चकाकत्या वस्तूचा पाठलाग करीत प्राणवायूच्या सोयीशिवाय फार उंचीवर गेला आणि विमान कोसळून मरण पावला. ती वस्तू नौदलाच्या गुप्त ‘स्कायहुक’ योजनेतील प्रचंड फुगा असावी, असे पुढे बहुतेक अभ्यासकांचे मत झाले. मँटेलला वा प्रारंभीच्या अन्वेषकांना ह्या योजनेची माहिती नव्हती. शासनाच्या एका शाखेचे गुपित दुसऱ्या शाखेला गूढ वाटावे, हा प्रकार ह्या इतिहासात पुढेही घडत राहिला.

साइन प्रकल्पातील काही अधिकाऱ्यांनी १९४८ मध्ये ह्या वस्तू परग्रहावरील असाव्यात असा निष्कर्ष काढणारा अहवाल सादर केला. परंतु पुरावा अपुरा असल्याच्या कारणास्तव हवाई दलप्रमुख जनरल हॉइट व्हँडनबर्ग याने तो नाकारला, असे रुपेल्टने आपल्या ग्रंथात लिहिले आहे. ह्या अहवालाची प्रत उपलब्ध झालेली नाही. त्याविषयीची माहिती मुख्यतः रुपेल्टच्या कथनावरच आधारलेली आहे. फेब्रुवारी १९४९ मध्ये प्रकल्पाचे नाव ‘ग्रज’ असे बदलण्यात आले आणि त्याबरोबर दृष्टिकोनही बदलला. प्रत्येक वृत्ताचे काही ना काही सामान्य स्पष्टीकरण असलेच पाहिजे, असे गृहीत धरून काम होऊ लागले. त्या वर्षाच्या अखेरीस प्रकल्प संपुष्टात आल्याचे घोषित झाले. नाममात्र नोंदी मात्र होत राहिल्या.

रुपेल्टची नियुक्ती : १० सप्टेंबर १९५१ रोजी न्यू जर्सी राज्यातील फोर्ट मॉनमथ येथे रडारवर व एका प्रशिक्षण-विमानातील वैमानिकांना अनोळखी वस्तू आढळल्याचे वृत्त आले. त्याच्या चौकशीच्या निमित्ताने गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख मेजर जनरल चार्ल्स कॅबेल याला ग्रज प्रकल्पाच्या कामातील ढिलाई कळून आली व त्याने प्रकल्पाची पुनर्रचना करण्याचा आदेश दिला. हे काम रुपेल्टकडे आले.

रुपेल्टचा जन्म आयोवा राज्यातील ग्रंडी सेंटर येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात तो बी–२९ जातीच्या बाँबफेकी विमानांवर बाँबफेक व रडार ही कामे पाहत असे. ह्या जातीची विमाने घेऊन भारतात आलेल्या पहिल्या पथकात तो होता. तेथून चीन व पुढे पॅसिफिकमधील मोहिमांत त्याने भाग घेतला व शौर्यपदके मिळविली. युद्धानंतर त्याने आयोवा स्टेट कॉलेजातून विमानविद्येची पदवी घेतली. कोरियन युद्धामुळे त्याला पुन्हा सेवेत बोलावण्यात आले आणि राइट-पॅटर्सन तळावरील हवाई तांत्रिक गुप्तवार्ता केंद्रात त्याची नेमणूक झाली. तेथे रशियन मिग–१५ विमानाविषयीच्या माहितीच्या विश्लेषणाचे काम त्याने केले होते. अपुऱ्या व परस्परविरोधी माहितीतून निष्कर्ष काढण्याचा हा अनुभव त्याला नव्या कामात उपयोगी पडला. त्या वेळी त्याचे वय २८ वर्षांचे होते.

मार्च १९५२ मध्ये प्रकल्पाला ‘ब्लू बुक’ हे नाव देण्यात आले. अमेरिकन महाविद्यालयांत परीक्षेची उत्तरे लिहिण्यासाठी दिल्या जाणाऱ्या निळ्या वह्यांवरून ते घेतले होते. ‘उडती तबकडी’ हा शब्द वस्तूचा आकार व स्वरूप आधीच गृहीत धरतो, म्हणून रुपेल्टने त्याऐवजी ‘ओळख न पटलेली उडती वस्तू’ अशा अर्थाची इंग्रजी संज्ञा प्रचारात आणली. तिचे ‘यूएफओ’ हे संक्षिप्त रूप आज सर्वत्र वापरात आहे. ह्या संज्ञेत वस्तू काय आहे याविषयी कोणतेही विधान नाही. निरीक्षकाला ती ओळखता आली नाही, एवढेच ती सांगते. पुढे लोकव्यवहारात ह्याच संज्ञेला ‘परग्रहावरील यान’ असा अर्थ चिकटला, हा शब्दाच्या इतिहासातील विरोधाभास होय.

कार्यपद्धती : रुपेल्टने केलेल्या सुधारणा चार प्रकारच्या होत्या. (१) वृत्तांचे संकलन : पूर्वी एखाद्या तळावरील वृत्त अनेक कार्यालयांतून फिरत उशिरा पोहोचे. एप्रिल १९५२ च्या आदेशानुसार प्रकल्पाला कोणत्याही तळाशी थेट संपर्क साधण्याचा अधिकार मिळाला. सैनिकी संघटनेतील अधिकारश्रेणी पाहता कॅप्टनच्या हुद्द्यावरील अधिकाऱ्याला अशी मुभा मिळणे विशेष होते. (२) प्रश्नावली : ओहायओ स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्याने साक्षीदारांसाठी एक प्रमाणित प्रश्नावली तयार करण्यात आली. दिशा, क्षितिजापासूनची उंची, कालावधी, प्रकाशाची तीव्रता इ. गोष्टी वेगवेगळ्या विचारून, साक्षीदाराने प्रत्यक्ष पाहिलेले आणि त्यावरून त्याने अनुमानिलेले यांत फरक करणे, हा तिचा उद्देश होता. (३) तज्ञांचा सल्ला : जे. ॲलन हायनेक हा खगोलशास्त्रज्ञ १९४८ पासून प्रकल्पाचा सल्लागार होता. ग्रह, तारे व उल्का यांविषयीची वृत्ते तो तपासून वेगळी काढी. बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट ह्या संशोधनसंस्थेकडे सांख्यिकीय अभ्यास सोपविण्यात आला व त्यासाठी छिद्रित पत्रकांचा उपयोग करण्यात आला. (४) वर्गीकरण : विमान, फुगा, खगोलीय वस्तू अशा वर्गांखेरीज ‘माहिती अपुरी’ आणि ‘अनोळखी’ हे दोन वर्ग रुपेल्टने काटेकोरपणे वेगळे ठेवले. माहितीच पुरेशी नसेल तर ते वृत्त अनोळखी ठरत नसे. भरपूर व विश्वसनीय माहिती असूनही जुळणारे स्पष्टीकरण न सापडल्यासच ते त्या वर्गात जाई.

चौकशीत मताग्रहाला थारा मिळू नये याविषयी रुपेल्ट दक्ष असे. परग्रहवासीयांच्या बाजूने वा विरुद्ध टोकाची भूमिका घेणाऱ्या तीन सहकाऱ्यांना त्याने ह्या कामातून दूर केले. प्रकल्पाचा कर्मचारीवर्ग मात्र त्याच्या काळातही मूठभरच राहिला.

वॉशिंग्टन येथील घटना : १९५२ च्या उन्हाळ्यात वृत्तांचा पूर लोटला. १९५१ साली सर्व मिळून १६९ वृत्ते नोंदली गेली होती. १९५२ साली ही संख्या १,५०१ वर गेली. १९–२० जुलैच्या रात्री आणि पुन्हा २६–२७ जुलैच्या रात्री राजधानी वॉशिंग्टनच्या विमानतळावरील रडारवर अनोळखी ठिपके उमटले व काही वैमानिकांना दिवेही दिसले. त्यांच्या शोधार्थ जेट विमाने पाठविण्यात आली. पहिल्या घटनेची वार्ता प्रकल्पाच्या प्रमुखाला अधिकृत मार्गाने मिळाली नाही; दुसऱ्या कामासाठी राजधानीत आला असता त्याला ती वृत्तपत्रांतून कळली. शहरात फिरून चौकशी करण्यासाठी त्याने शासकीय मोटार मागितली, तेव्हा ती वरिष्ठांसाठी राखीव असल्याचे उत्तर मिळाले व त्याला डेटनला परतावे लागले, असे त्याने नमूद केले आहे. राष्ट्राच्या राजधानीवरील आकाशाची चौकशी एका मोटारीअभावी अडावी, ह्यावरून प्रकल्पाचे प्रशासनातील खरे स्थान लक्षात येते.

२९ जुलै रोजी मेजर जनरल जॉन सॅमफर्ड याने पेंटागॉनमध्ये पत्रकार-परिषद घेतली. रडारवरील ठिपके हे बहुधा तापमानाच्या व्युत्क्रमामुळे, म्हणजे जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर पसरून रडारच्या लहरी वाकल्यामुळे, उमटले असावेत, असे त्यात सांगण्यात आले. त्या रात्री असे थर असल्याचे पुढील अभ्यासातही दिसून आले. परंतु काही अनुभवी रडारचालकांचे त्याने समाधान झाले नाही आणि रुपेल्टलाही हे स्पष्टीकरण सर्वस्वी पुरेसे वाटले नाही.

रॉबर्टसन समिती : वृत्तांच्या ह्या लोंढ्याने केंद्रीय गुप्तवार्ता संघटनेचे (सीआयएचे) लक्ष वेधले. खोट्या वार्तांनी संदेशवहनाचे मार्ग तुंबले असताना प्रत्यक्ष हल्ला झाल्यास तो ओळखू येणार नाही, ही तिची मुख्य चिंता होती. जानेवारी १९५३ मध्ये भौतिकीविज्ञ एच. पी. रॉबर्टसन याच्या अध्यक्षतेखाली तिने एक समिती नेमली. तीत लुइस अल्व्हारेझ, सॅम्युएल गाउडस्मिट, लॉइड बर्कनर व थॉर्नटन पेज हे नामवंत शास्त्रज्ञ होते. अवघ्या काही दिवसांत समितीने रुपेल्ट, हायनेक प्रभृतींची निवेदने ऐकली आणि निवडक वृत्ते व चित्रफिती पाहिल्या. यूटा राज्यातील ट्रेमाँटन येथे २ जुलै १९५२ रोजी घेतलेल्या चित्रफितीचे नौदलाच्या तज्ञांनी दीर्घकाळ विश्लेषण करून त्यातील वस्तू पक्षी वा विमाने नसाव्यात असे म्हटले होते. समितीने त्या पक्षी असाव्यात असे मत दिले.

राष्ट्राच्या सुरक्षिततेस ह्या वस्तूंपासून प्रत्यक्ष धोका असल्याचा पुरावा नाही, हा समितीचा निष्कर्ष होता. त्याबरोबरच प्रसारमाध्यमांच्या द्वारे ह्या विषयाभोवतीचे गूढतेचे वलय दूर करावे आणि त्यात रस घेणाऱ्या खाजगी संघटनांवर लक्ष ठेवावे, अशाही शिफारशी तिने केल्या. अशा रीतीने अन्वेषणाच्या जागी जनमताचे नियंत्रण हे उद्दिष्ट पुढे आले. ऑगस्ट १९५३ च्या नियमानुसार, वस्तूची ओळख निश्चित पटली असेल तरच तळावरील अधिकाऱ्याने तिच्याविषयी वृत्तपत्रांना माहिती द्यावी, असे ठरले. साहजिकच उकललेली प्रकरणे तेवढी लोकांसमोर आली आणि न उकललेली दप्तरात राहिली. रुपेल्टने त्याच वर्षी प्रकल्प सोडला.

उत्तरकाळ : रुपेल्टनंतर कॅप्टन चार्ल्स हार्डिन, कॅप्टन जॉर्ज ग्रेगरी, मेजर रॉबर्ट फ्रेंड आणि मेजर हेक्टर क्विंटानिला यांनी प्रकल्पाचे प्रमुखपद सांभाळले. फ्रेंड हा दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय वैमानिकांच्या सुप्रसिद्ध टस्कीगी पथकात होता. ह्या काळात ‘अनोळखी’ वृत्तांचे प्रमाण झपाट्याने घटलेले दिसते. १९५२ साली १,५०१ पैकी ३०३ वृत्ते (सु. २०%) अनोळखी ठरली होती, १९५६ साली ६७० पैकी १४ (सु. २%) आणि १९५८ साली ६२७ पैकी १० (दोन टक्क्यांहूनही कमी) एवढीच तशी ठरली. निरीक्षणाची गुणवत्ता बदलली म्हणून हे प्रमाण घटले, असे म्हणता येत नाही. ‘संभाव्य’ स्पष्टीकरणाला निश्चित स्पष्टीकरणाचे स्थान देणे व अपुऱ्या माहितीचा वर्ग सैलपणे वापरणे, यांचा त्यात मोठा वाटा होता, अशी टीका हायनेकने पुढे केली. ह्याउलट १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅटेल संस्थेच्या अभ्यासात, ३,२०१ वृत्तांपैकी जी गुणवत्तेने उत्कृष्ट ठरली त्यांत अनोळखी वृत्तांचे प्रमाण निकृष्ट वृत्तांहून अधिक आढळले होते.

अनोळखी वृत्तांची घट हीच यशाची मोजपट्टी ठरल्याने प्रकल्पाची विश्वासार्हता कमी झाली. १९६६ मध्ये मिशिगन राज्यात दिसलेल्या प्रकाशांचे स्पष्टीकरण हायनेकने दलदलीतील वायूच्या आधारे दिले, तेव्हा त्याची देशभर टवाळी झाली. त्यानंतर हवाई दलाने कोलोरॅडो विद्यापीठातील एडवर्ड काँडन ह्या भौतिकीविज्ञाकडे स्वतंत्र अभ्यास सोपविला. ह्या विषयाच्या अधिक अभ्यासातून विज्ञानात भर पडण्याचा संभव नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. १७ डिसेंबर १९६९ रोजी हवाई दलाचा सचिव रॉबर्ट सीमन्स याने ब्लू बुक प्रकल्प बंद केल्याचे जाहीर केले. त्याची कागदपत्रे आता अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

१९९७ मध्ये सीआयएच्या इतिहासविभागाने प्रसिद्ध केलेल्या एका लेखात, १९५० नंतरच्या दशकाचा उत्तरार्ध व १९६० चे दशक ह्या काळातील निम्म्याहून अधिक वृत्ते यू–२ व तत्सम गुप्त टेहळणी विमानांमुळे उद्भवली होती, असा दावा करण्यात आला. हे प्रमाण सर्व अभ्यासकांना मान्य नाही. तथापि अशा काही प्रकरणांत खरे कारण ठाऊक असूनही गुप्ततेस्तव लोकांना दुसरेच कारण सांगितले गेले, ही कबुली त्यातून मिळाली. शासन काहीतरी दडवीत आहे, हा लोकांचा संशय सर्वस्वी निराधार नव्हता. दडविलेली वस्तू मात्र परग्रहावरील नव्हती.

रुपेल्टचा ग्रंथ : रुपेल्टने १९५६ मध्ये द रिपोर्ट ऑन अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट्स हा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रकल्पाच्या अंतर्गत कारभाराचे ते पहिले विश्वसनीय कथन होय. त्यात त्याने अंतिम निर्णय दिला नाही. १९६० च्या आवृत्तीत त्याने तीन प्रकरणे जोडली व त्यांत तो स्पष्टपणे संशयवादी झालेला दिसतो. हा बदल वरिष्ठांच्या दडपणामुळे झाला की परग्रहवासीयांना भेटल्याचे सांगणाऱ्या भोंदूंना कंटाळल्यामुळे, याविषयी मतभेद आहेत. त्याच वर्षी हृदयविकाराने, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

इतर देश व भारत : फ्रान्समध्ये १९७७ मध्ये राष्ट्रीय अवकाश-संस्थेच्या अंतर्गत असा विभाग स्थापन झाला, तो मुलकी असून आपले निष्कर्ष प्रसिद्ध करतो. ब्रिटनने आपल्या संरक्षण मंत्रालयातील कक्ष २००९ मध्ये बंद केला. अमेरिकेत २०२२ मध्ये संरक्षण खात्यात पुन्हा नवे कार्यालय स्थापन झाले. परग्रहावरील तंत्रविद्येचा कोणताही पुरावा पूर्वीच्या शासकीय चौकश्यांत आढळला नसल्याचे त्याने मार्च २०२४ च्या अहवालात नमूद केले.

भारतात २०१२–१३ मध्ये लडाखच्या सीमेवरील सैनिकांना रात्री आकाशात संशयास्पद प्रकाश दिसत होते व ते चिनी टेहळणी-यंत्रांचे असावेत असा तर्क होता. सैन्याने भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे साहाय्य घेतले, तेव्हा ते गुरू व शुक्र हे ग्रह असल्याचे निष्पन्न झाले. महाराष्ट्रात २ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी आकाशातून जळत जाणारे पट्टे अनेक ठिकाणी दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. ग्रामस्थ, पोलीस व महसूल यंत्रणा यांच्यामार्फत ही वार्ता भारतीय अवकाश संशोधन संस्थेपर्यंत पोहोचली व तिच्या शास्त्रज्ञांनी अवशेषांची पाहणी केली. हे अवशेष चीनच्या लाँग मार्च–३बी अग्निबाणाच्या टप्प्याचे असल्याचे तज्ञांचे मत आहे.

मँटेलच्या प्रकरणातील फुग्यांचे सजातीय मराठवाड्यालाही अपरिचित नाहीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून पॉलिएथिलिनच्या पातळ पटलाचे प्रचंड फुगे ३० ते ४० किमी. उंचीपर्यंत सोडले जातात. एवढ्या उंचीवरील वस्तू निरभ्र आकाशात सु. ६०० किमी. अंतरावरूनही क्षितिजाशी दिसू शकते. बीड शहर हैदराबादपासून सरळ रेषेत सु. ३४० किमी. अंतरावर आहे. शिवाय सूर्यास्तानंतर जमिनीवर अंधारू लागले तरी तेथे सु. २५ मिनिटे ऊन असते. त्यामुळे बालाघाटच्या पठारावरील शेतकऱ्याला तिन्हीसांजेस पूर्वेकडे स्थिर, तेजस्वी ठिपका दिसला, तर त्याचे निरीक्षण खोटे ठरत नाही. त्याला हवी असते ती माहिती.

मूल्यमापन : ब्लू बुक प्रकल्पाने परग्रहवासी सिद्ध केले नाहीत आणि प्रत्येक वृत्ताचा उलगडाही केला नाही. रुपेल्टच्या सु. दोन वर्षांच्या कारकीर्दीत साक्षीदाराची उपेक्षा न करता साक्षीची कठोर तपासणी करणे शक्य असल्याचे दिसून आले. त्यासाठी ‘उत्तर ठाऊक नाही’ असे शासकीय कागदावर लिहिण्याची तयारी आवश्यक होती. ही तयारी संपली तेव्हा आकडे सुधारले, परंतु त्यांवरील विश्वास उडाला. अन्वेषणाचा निष्कर्ष आधी ठरला, की त्यातील सत्य भागही लोकांना पटत नाही, हे ह्या प्रकल्पाच्या इतिहासाचे तात्पर्य होय.